बासष्ट, अडुसष्ट

ऑर्विल रात्रपाळीला, मी दिवसपाळीला.
बारा तास त्याचे, बारा माझे.
गाडीत पलंग एकच, तो कधी गार पडत नाही.

नॉर्थ डकोटा. ऑक्टोबर. साखरेच्या बीटाचा हंगाम.
ट्रकमागून ट्रक रिते होतात,
पट्ट्यावरून बीट चढतं, त्याचा डोंगर होतो,
आणि हॅल्वरसनबाई त्या डोंगरात
हातभर लांब थर्मामीटर खुपसून
वैद्यासारखी मान हलवते.
तापलं तर कुजतं.
गोठलं तर वितळताना कुजतं.
तिच्या आकड्यावर आमचा पगार.

आमच्या घराचा आकडा दाराशेजारी आहे,
साबणाच्या वडीएवढी पिवळट डबी, तिला सरकती पट्टी.
मी सकाळी निघते तेव्हा बासष्टवर.
फॅरनहाइटचे बासष्ट, वर दोन गोधड्या, पुरे की माणसाला!
रात्री परत येते तर अडुसष्ट.
मी खाली ओढते, तो वर ढकलतो.
दहा दिवसांत आमच्यात
एवढंच काय ते बोलणं.
एरवी वजनकाट्यापाशी
तो येताना, मी जाताना,
एक हातमोजा वर होतो.

भट्टीची एक रीत आहे.
पट्टी सरकवली म्हणून लगेच पेटत नाही.
टिक् होतं.
आधी पंखा, थंडगार हवा तोंडावर,
नवख्याला वाटतं, बिघडली.
मग चट् चट् चट् ठिणग्या.
मग कुठेतरी पोटात
भप्प.
एकतीस वर्षं मी अशाच एकाशी संसार केलाय.
मध्येच बटणं दाबायची नसतात.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला होता.
वीज कंपनीची, फुकट; गॅस आपल्या खिशातला.
म्हणून विजेचा छोटा हीटर लावला, भट्टी बंद.
आम्ही उबेत घोरलो
आणि फरशीखाली पाण्याची नळी फुटली.
भट्टीची ऊब खाली टाक्यांनाही जाते,
न दिसणाऱ्या गोष्टींना,
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.
ऑर्विल ओरडला नाही.
केस वाळवायचं यंत्र घेऊन
तासभर चिखलात पालथा पडून राहिला.

यंदा मंगळवारी ऊन चढलं. चौऱ्याऐंशी!
हॅल्वरसनबाईने काम थांबवलं, डोंगराला ताप नको म्हणून.
दोघंही घरात, एकाच वेळी.
कुठे बसावं तेच कळेना.
छपरावरचा एसी घरघरत होता,
त्याने मायक्रोवेव्हमध्ये घेवड्याच्या शेंगा ठेवल्या,
आणि खट्ट.
तीस अँपिअरची गाडी, दोन्ही झेपत नाहीत,
हे सोळा वर्षं मला शिकवणारा हाच.

खटका वर केला. मी एसीकडे हात नेला.
"तीन मिनिटं," तो म्हणाला. "काँप्रेसरला दम खाऊ दे."
बसलो.
घाम. माशी. मायक्रोवेव्हचं चमकणारं शून्य.
दुसऱ्या मिनिटाला, शेंगांकडे बघत,
"बासष्टला झोप लागत नाही मला, रेथा.
यंदा नाही लागत.
पाय माझे आहेत असं वाटत नाही."
मी म्हटलं, "कधीपासून?"
तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "झाली तीन."
आणि एसी लावला.

शुक्रवारी पहाटे दव गोठलं.
निघताना पट्टी सत्तरवर नेली.
गॅस दुप्पट जाईल. जाऊ दे.
नेमकं तेव्हाच बाहेरच्या खिडकीतलं हिरवं
लाल झालं: पहिली टाकी संपली.
दातांत टॉर्च धरून मी रिकामी टाकी सोडवते.
हिचा नट उलट्या आट्यांचा,
सोडवायला घट्ट करावं तसं फिरवावं लागतं.
बोटं बधिर होतात. माझी आहेत असं वाटत नाही.

भरलेली बसवते, झडप हळू उघडते,
साबणाचं पाणी लावून बघते, बुडबुडा नाही.
आत टिक् होतं.
पंखा.
रस्त्यावर पाळीची बस हॉर्न देते,
दुसऱ्यांदा देते.
चट्.
थांब गं बाई, येते.
चट् चट्.